देहाचा जमाखर्च
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कोलेस्टेरॉलसारखा विषय घेऊन व्यासपीठावर उभे राहावे, हे कित्येकांना विशोभित वाटेल. या सभागृहाने आजवर संतवाङ्मयावरील प्रवचने ऐकली, नाट्यसंगीताच्या मैफली ऐकल्या, इतिहासावरील ओजस्वी भाषणे ऐकली. तेथे जीवरसायनशास्त्राच्या एका शिक्षकाने रक्तातील मेदाचे पुराण लावावे, हे पुरणपोळीच्या पंगतीत काढा वाढण्यासारखेच आहे. तथापि हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्या हाती दिला. त्यांच्या संमतीने, पण नाव न घेता, ती हकिकत प्रथम सांगतो.

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाची पंगत उठल्यावर हे गृहस्थ आमच्याजवळ आले आणि खिशातून रक्ततपासणीचा कागद काढून म्हणाले, “अहो प्रोफेसर, जन्मात मी अंडे फोडलेले नाही. मांस-मासळी तर दूरच. मग हे एवढे कोलेस्टेरॉल माझ्या रक्तात आले कोठून?” त्यांच्या शेजारी त्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. त्या खाली मान घालून हळूच म्हणाल्या, “माझ्या हाताला तूप जास्त सुटतं, असं घरात सगळे म्हणतात.” त्या एका वाक्यात किती दिवसांचे शल्य साठले होते, हे सांगावयास नको. आम्ही त्यांना इतकेच म्हणालो, “वहिनी, तुमच्या तुपाचा दोष थोडा असेल. परंतु हे बहुतेक सारे यांनी स्वतःच केले आहे, आणि तेही नकळत.” या उत्तराचा विस्तार म्हणजेच आजचे हे व्याख्यान.

प्रथम या पदार्थाची ओळख करून घेऊ. कोलेस्टेरॉल हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ पित्त, आणि उत्तरार्धाचा अर्थ घन. पित्ताशयातील खड्यांमध्ये तो अठराव्या शतकात प्रथम सापडला. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे बारसे केले, तेही या पित्तखड्यांवरूनच. जन्म खड्यात आणि ख्याती हृदयविकारात, अशी ज्याची कुंडली, त्याच्याविषयी लोकांनी चांगले बोलावे कसे? परंतु शास्त्र निराळे सांगते. आपल्या देहातील प्रत्येक पेशीभोवती जे अतिशय पातळ पटल असते, त्याला योग्य तो ताठरपणा आणि योग्य तो लवचिकपणा हाच पदार्थ देतो. उन्हात त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व याच्याच पूर्वरूपापासून होते. स्त्रीला स्त्रीत्व आणि पुरुषाला पुरुषत्व देणारी संप्रेरके यापासूनच घडतात. पचनास लागणारी पित्ताम्लेही यापासूनच बनतात. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे शंभर ते दीडशे ग्रॅम कोलेस्टेरॉल असते. त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा मेंदूत असतो. वस्तुतः मेंदूचे वजन देहाच्या वजनाच्या अवघे दोन टक्के! शिवाय रक्तातील कोलेस्टेरॉलला मेंदूत शिरकाव नसल्यामुळे मेंदू आपल्यापुरते स्वतः तयार करतो. म्हणजे आम्ही आता बोलत आहोत आणि आपण ऐकत आहात, हेही या बदनाम पदार्थाच्या कृपेनेच.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न: आले कोठून? मिश्राहारी माणसाच्या अन्नातून दिवसाकाठी साधारण तीनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल पोटात जाते, आणि त्यातील निम्मे-अर्धेच रक्तापर्यंत पोहोचते. उलट, देह स्वतः दररोज पाऊण ते एक ग्रॅम कोलेस्टेरॉल तयार करतो. म्हणजे बाहेरून आणलेल्यापेक्षा घरी केलेले कितीतरी अधिक. वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. म्हणून शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, तेव्हा ते खोटे नसते. पण त्यात विशेषही काही नसते. ते तेल कधी कोलेस्टेरॉलयुक्त नव्हतेच.

मग घरी हा पदार्थ बनतो तरी कशापासून? हे कोडे सोडविण्यास शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे लागली. जर्मनीतून अमेरिकेत आश्रयास गेलेले कोनराड ब्लॉख आणि त्यांचे सहकारी डेव्हिड रिटनबर्ग यांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत एक प्रयोग केला. व्हिनेगरमध्ये जे साधे अॅसेटिक आम्ल असते, त्याच्या रेणूंवर त्यांनी जड हायड्रोजनची खूण केली आणि ते प्राण्यांना खाऊ घातले. पुढे ती खूण कोलेस्टेरॉलमध्ये सापडली. कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे २७ अणू असतात. ते सर्वच्या सर्व या दोन कार्बनांच्या इवल्याशा तुकड्यापासून येतात, असे पुढे सिद्ध झाले. असे १८ तुकडे जोडून, मग काही अणू गाळून, सुमारे तीस पायऱ्यांनी हा रेणू पुरा होतो. आणि हा दोन कार्बनांचा तुकडा भातापासून मिळतो, साखरेपासून मिळतो, तेलातुपापासूनही मिळतो. याच संशोधनाबद्दल ब्लॉख आणि म्यूनिकचे फेओडोर ल्यूनेन यांना १९६४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा शाकाहारी माणसाच्या रक्तात कोलेस्टेरॉल कोठून आले, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे: यकृताच्या आणि इतर पेशींच्या स्वयंपाकघरातून.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साखर देह जाळू शकतो, तेल-तूपही जाळू शकतो. परंतु कोलेस्टेरॉलच्या रेणूतील चार कड्यांची साखळी मानवी देहाला मोडता येत नाही. एकदा केलेले कोलेस्टेरॉल जाळून संपविण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. ते बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग एकच: यकृताने ते जसेच्या तसे, किंवा पित्ताम्लात रूपांतर करून, पित्तावाटे आतड्यात सोडावयाचे. त्यातही देह इतका काटकसरी, की आतड्यात सोडलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे पंचाण्णव टक्के तो पुन्हा शोषून यकृताकडे परत नेतो. रोज जेमतेम अर्धा ग्रॅम पित्ताम्ले बाहेर पडतात. ज्या घरात आवक सहज आणि जावक इतकी अवघड, त्या घरात जमाखर्च काटेकोर ठेवलाच पाहिजे. नाहीतर कोठार फुटेल. तो जमाखर्च देह कसा ठेवतो, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

या जमाखर्चाचा पहिला पुरावा १९३३ मध्ये मिळाला. रुडॉल्फ शोएनहायमर या जर्मन शास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना कोलेस्टेरॉल नसलेले अन्न दिले, तर त्यांच्या देहात ते नव्याने तयार होई. अन्नातूनच ते दिले, तर देहातील निर्मिती घटे. म्हणजे माल बाहेरून येऊ लागला की आतला कारखाना मंदावतो. तयार मालानेच आपल्या कारखान्याला लगाम घालावा, या तत्त्वाचे जीवरसायनशास्त्रातील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

हा लगाम नेमका कोठे घातलेला आहे? त्या तीस पायऱ्यांपैकी आरंभीच्या एका पायरीवर. ती पायरी पार करून देणाऱ्या विकराचे, म्हणजे एंझाइमचे, नाव मोठे लांबलचक आहे: एचएमजी-कोए रिडक्टेज. आपण त्याला नुसते रिडक्टेज म्हणू. पुढल्या पायऱ्यांवर माल कितीही वेगाने पुढे सरको, या पायरीवरून जितका सुटेल तितकाच शेवटी हाती येणार. मंडळाच्या महाप्रसादाला पोळ्या लाटणाऱ्या कितीही असल्या, तरी कणीक मळणारा एकच असेल, तर पंगत त्याच्याच हाताच्या वेगाने चालते, तसेच हे.

या मळणाऱ्याला ‘आता पुरे’ किंवा ‘आणखी हवे’ असे सांगतो कोण? हे रहस्य अमेरिकेतील डॅलस येथील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या जोडीने व त्यांच्या शिष्यपरिवाराने अर्धशतक खपून उलगडले. ते आम्ही आपल्या घरगुती भाषेत मांडतो.

पेशीच्या आत पटलांचे एक जाळे असते. त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. तेथे एक प्रथिन जणू मोहोरबंद चिठ्ठी होऊन बसलेले असते. त्याच्या बरोबर चिठ्ठी वाहून नेणारा एक गडी असतो; त्याचे शास्त्रीय नाव स्कॅप. आणि एक दरवान असतो. त्याचे नाव इन्सिग. पटलात कोलेस्टेरॉल पुरेसे असले, की गडी दरवानाच्या हाताला धरून बसून राहतो, आणि चिठ्ठी जागची हलत नाही. कोलेस्टेरॉल कमी झाले की हा धरलेला हात सुटतो. गडी चिठ्ठी घेऊन गॉल्जी पिंड नावाच्या शेजारच्या दालनात जातो. तेथे दोन कात्र्या एकामागून एक तिची मोहोर कापतात. मोकळा झालेला तुकडा पेशीच्या केंद्रकात शिरतो, आणि तेथील जनुकांना हुकूम देतो. ही चिठ्ठी १९९३ मध्ये सापडली, गडी १९९६ मध्ये, तर दरवान २००२ मध्ये. हे यंत्र किती नाजूक, हे २००८ मध्ये कळले: त्या जाळ्यातील पटलात मेदरेणूंच्या शंभरातील पाचांहून कमी रेणू कोलेस्टेरॉलचे राहिले की चिठ्ठी निघते, पाचांहून अधिक झाले की थांबते. विजेच्या बटणासारखा हा कारभार आहे.

या चिठ्ठीत दोन मुख्य हुकूम असतात, आणि सारे मर्म या ‘दोन’ शब्दात आहे. पहिला हुकूम: रिडक्टेज अधिक करा, म्हणजे घरात स्वयंपाक वाढवा. दुसरा हुकूम: पेशीच्या पृष्ठभागावर दारे उघडा, म्हणजे बाजारातून तयार माल आणा. रक्तात कोलेस्टेरॉल एकटे हिंडत नाही. ते तेलकट असल्याने प्रथिनांच्या वेष्टनातील कणांतून वाहिले जाते. त्यांतील ज्या कणांना एलडीएल म्हणतात, तेच डॉक्टरांच्या कागदावरचे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. एका एलडीएल कणाच्या पोटात कोलेस्टेरॉलचे सुमारे पंधराशे रेणू मेदाम्लांशी जोडून भरलेले असतात. पेशीवरील दारांना एलडीएल-ग्राही म्हणतात. हा ग्राही कण पकडतो, आत घेऊन जातो, तो पेशीच्या हवाली करतो, आणि रिकाम्या हाताने पुन्हा पृष्ठभागावर येतो. अशी एक खेप सुमारे दहा मिनिटांची. रक्तातील बहुतांश एलडीएल अशा रीतीने यकृतच उचलून घेते.

पेशी तृप्त झाली की याच्या उलट घडते. चिठ्ठी थांबते, नवी दारे बसत नाहीत. शिवाय तोच दरवान, इन्सिग, जुन्या रिडक्टेजलाही निकालात काढण्यास मदत करतो. एरवी कित्येक तास टिकणारे ते विकर मग तासाभराच्या आत नष्ट होते. उरलेले कोलेस्टेरॉल मेदाम्लाशी जोडून पेशी थेंबांच्या रूपाने साठवून ठेवते, आणि यकृत काही भाग पित्ताकडे वळविते. या कामाला दिवस-रात्रही असते: माणसात कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक होते. आपण निजतो, पण यकृताची भट्टी जागी असते.

आता प्रश्न येतो, एवढी चोख व्यवस्था असताना रक्तात कोलेस्टेरॉल वाढते कसे? याचे उत्तर ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी काही दुर्दैवी मुलांच्या त्वचेतून मिळविले. दर काही लाखांत एखादे मूल असे जन्मते, की त्याच्या रक्तातील एलडीएल इतरांच्या सहा ते दहा पट असते. त्वचेवर पिवळट गाठी येतात, आणि शाळेत जाण्याच्या वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णांच्या त्वचेतील पेशी या दोघांनी काचेच्या बशीत वाढविल्या. निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल दिले, की त्यांतील रिडक्टेज मंदावे. या मुलांच्या पेशींना मात्र कितीही एलडीएल द्या, कारखाना अखंड धडधडतच राही. प्रथम वाटले, लगामच तुटला असावा. मग त्यांनी एक युक्ती केली. एलडीएलचे वेष्टन काढून, नुसते कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्या पेशींना दिले. ते आपसूक आत झिरपले, आणि कारखाना निमूटपणे थांबला! म्हणजे लगाम शाबूत होता. नव्हते ते दार. माल दाराबाहेर साचला होता, पण आतल्या घराला त्याची वार्ताच नव्हती. बाहेर सुकाळ आणि आत दुष्काळ, म्हणून घर आपले रांधतच होते. १९७३-७४ मधील या एका प्रयोगाने एलडीएल-ग्राहीचा शोध लागला, आणि १९८५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथे अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर नवे यकृतही बसविण्यात आले. नव्या यकृताला दारे होती, आणि तिच्या रक्तातील कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली आले. सिद्धान्ताला याहून बोलका पुरावा कोणता हवा?

हे ज्ञान औषधाच्या रूपाने आपल्या घराघरांत पोहोचले, ते एका जपानी शास्त्रज्ञामुळे. अकिरा एंडो हे उत्तर जपानमधील शेतकरी कुटुंबातले. बुरशीपासून पेनिसिलिन मिळाले, तसे रिडक्टेजला अडविणारे द्रव्यही एखाद्या बुरशीत असेल, या श्रद्धेने त्यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले. अखेर १९७३ मध्ये क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते सापडले. परंतु उंदरांवर त्याचा गुण येईना, आणि सारे श्रम वाया जाण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी ते औषध अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिले, आणि कोंबड्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल घटले. स्टॅटिन औषधांचे कुळ येथून सुरू झाले. त्यांतील पहिल्या गोळीला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली. एंडो २०२४ मध्ये निवर्तले. आज जगातील कोट्यवधी माणसे रात्री जी इवलीशी गोळी घेतात, तिचे मूळ त्या तांदळात आहे.

ही गोळी काम कशी करते, हे आता आपण स्वतःच सांगू शकाल. ती रिडक्टेजला अडविते, म्हणजे यकृतातील स्वयंपाक थांबविते. पेशीला चणचण भासते. चिठ्ठी केंद्रकात जाते. घरचा स्वयंपाक तर औषधाने रोखलेला; म्हणून दुसरा हुकूम अमलात येतो, अधिक दारे उघडतात, आणि रक्तातील एलडीएल आत ओढले जाते. औषध यकृतात, आणि शुद्धी रक्तात! १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे साडेपाच वर्षांत साध्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २५६, तर औषध घेणाऱ्यांपैकी १८२ जण दगावले. चौऱ्याहत्तर माणसे अधिक वाचली. हा आकडा मंडळाच्या सभागृहातील किती खुर्च्यांइतका होतो, ते आपणच मोजावे.

या ज्ञानातून एक व्यावहारिक बोध निघतो, तो आम्ही आग्रहाने सांगतो. पुष्कळ जण तीन महिने गोळी घेतात, तपासणीचा आकडा उत्तम येतो, आणि ‘आता बरे झाले’ म्हणून गोळी सोडतात. परंतु आकडा उतरला तो रोग गेला म्हणून नव्हे. गोळीने कारखाना रोखून धरला म्हणून. हात सोडला की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. गोळीने स्नायू दुखू लागले, अथवा दुसरी काही तक्रार उद्भवली, तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. स्वतःच्या मनाने बंद करणे, हा मात्र उपाय नव्हे.

देह किती हुशार आहे पाहा. जी चिठ्ठी दारे उघडण्याचा हुकूम देते, तीच दारे मोडणारे एक प्रथिनही वाढविते. त्याचे नाव पीसीएसके-९. अति उघडू नये म्हणून हा दुसरा लगाम. त्यामुळेच स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी अवघे सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. हे प्रथिन २००३ मध्ये फ्रान्समधील काही कुटुंबांच्या अभ्यासातून उजेडात आले. पुढे २००६ मध्ये डॅलसच्याच संशोधकांनी दाखविले, की ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असते, त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी, पण हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी असतो. आकडा थोडाच कमी, पण जन्मापासून कमी, याचे हे फळ. २०१५ पासून या प्रथिनाला अडविणारी इंजेक्शनेही उपलब्ध झाली आहेत.

आता वहिनींच्या तुपाकडे वळू. १९९१ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात डॉ. फ्रेड केर्न यांनी एका ८८ वर्षांच्या वृद्धाची हकिकत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ कित्येक वर्षे रोज पंचवीस अंडी खात असे, आणि तरीही त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल ठीक होते. त्याचे आतडे अन्नातील कोलेस्टेरॉलपैकी केवळ १८ टक्के शोषीत होते, आणि यकृत पित्ताम्ले दुपटीने करीत होते. ही गोष्ट अनुकरणासाठी नव्हे. देहाचे नियमन किती ताणता येते, आणि ते माणसामाणसात किती निरनिराळे असते, हे दाखविण्यासाठी सांगितली. एक चमचा तुपात कोलेस्टेरॉल असते जेमतेम पंधरा मिलिग्रॅम. त्याने आभाळ कोसळत नाही. मात्र त्यातील सुमारे तीन ग्रॅम संतृप्त मेदाकडे लक्ष हवे. संतृप्त मेद यकृतावरील दारे कमी करतात, आणि एलडीएल रक्तात रेंगाळते. म्हणूनच ज्यात कोलेस्टेरॉल मुळीच नाही त्या खोबरेल तेलानेही एलडीएल वाढू शकते. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद तर त्याहून वाईट. भारतात खाद्यपदार्थांतील त्याचे प्रमाण तेला-तुपांच्या दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला, तो याचसाठी. उलट आपले जुने इसबगोल आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेते. मग यकृताला नवी पित्ताम्ले करण्यासाठी कोलेस्टेरॉल लागते, ते दारे उघडून रक्तातून घेते, आणि एलडीएल थोडेसे उतरते. तेव्हा वरणभातावर एक चमचा तूप पडले म्हणून घरच्या अन्नपूर्णेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. डबाबंद तळणीला आणि बिछान्याला खिळलेल्या आपल्या सवयींना आधी जाब विचारावा.

आता ते गृहस्थ. त्यांच्या कागदावर एलडीएलचा आकडा १९० च्या वर होता. इतका आकडा निव्वळ आहाराने सहसा होत नाही. म्हणून आम्ही त्यांना विचारले, “घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेले आहे काय?” ते चटकन म्हणाले, “छे! आमच्याकडे तसे काही नाही.” मग क्षणभर थांबून म्हणाले, “थोरला भाऊ गेला सेहेचाळिसाव्या वर्षी, नागपूरला. पण तो अचानक गेला. वडीलही अचानकच गेले, पन्नाशीच्या आत. काका सांगलीला होते. त्यांचं काय झालं, नीटसं ठाऊक नाही.”

बंधुभगिनींनो, ‘अचानक’ या शब्दाखाली आपण केवढे झाकून ठेवतो! ज्या मुलांना दोन्ही बाजूंनी सदोष जनुक मिळते, त्यांची कथा आम्ही सांगितली. परंतु एकाच बाजूने मिळालेले सदोष जनुक घेऊन वावरणारी माणसे दुर्मीळ नाहीत. सुमारे दर तीनशेंत एक असावी. त्यांच्या यकृतावर निम्मी दारे चालू असतात. एलडीएल जन्मापासूनच दुपटीच्या घरात असते. माणूस सडपातळ असतो, शाकाहारी असतो, कसलीच तक्रार नसते, आणि चाळिशी-पन्नाशीत ‘अचानक’ जातो. अशा माणसाच्या प्रत्येक अपत्याला तेच जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते. आपल्यातील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची चाल आहे. तेथे हे जनुक घराण्यात असेल, तर दोन्ही बाजूंनी ते एकत्र येण्याचा धोका वाढतो. दक्षिण आशियातील माणसांना पहिला हृदयविकाराचा झटका इतर देशांतील माणसांपेक्षा सरासरीने पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही मोठ्या अभ्यासातून दिसून आले आहे.

गावाकडे एका वाड्यात चार भाऊ नांदत असते, तर आजीने केव्हाच बोटे मोडून सांगितले असते, “या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत.” परंतु आपण नोकरीनिमित्त पांगलो. एक भाऊ येथे, एक नागपुरास, एक सांगलीस. तार आली, आपण रडलो, तेरावा झाला, गाडी धरून परत आलो. प्रत्येक मृत्यू आपल्याला एकेकटा भेटला. त्यांची बेरीज कोणी केलीच नाही. परमुलखातल्या संसाराची ही एक किंमत आहे, आणि ती आम्हाला या मंडळात आल्यावर प्रथम जाणवली.

त्या गृहस्थांनी बेरीज केली. आम्हीच बसून वहीत तीन पिढ्यांची वंशावळ मांडली, आणि ती घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. त्यांची मुलगी दूरच्या शहरात असते, वय बत्तीस, काहीही तक्रार नाही. तिने रक्त तपासले, तिचाही आकडा तसाच निघाला. तिच्या लहान मुलाची तपासणी झाली, त्याचा मात्र उत्तम आला. मुलीला वेळेवर औषध सुरू झाले. परवा वहिनी भेटल्या. म्हणाल्या, “आता मला कुणी तुपावरून बोलत नाही. पण मी आपणहूनच चमचा लहान केलाय.”

मंडळाने पन्नास वर्षांत पुष्कळ काही जतन केले: भाषा, सण, नाटके, ग्रंथालय. आमची नम्र विनंती एवढीच, की यंदा सुट्टीत किंवा एखाद्या लग्नकार्याला गावी जाल, तेव्हा वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा. कोण केव्हा गेले, कोणत्या वयात, कशाने, हे विचारून लिहून ठेवा. पंचावन्नच्या आत कोणी पुरुष किंवा पासष्टच्या आत कोणी स्त्री हृदयविकाराने गेली असेल, तर घरातील सर्वांचे, मुलांचेही, रक्त एकदा तपासून घ्या. डोळ्यांच्या पापण्यांवर पिवळट डाग अथवा टाचेमागील शिरेवर गाठी दिसल्या, तर त्या डॉक्टरांना दाखवा.

देह आपला जमाखर्च रात्रंदिवस, आपल्याला न विचारता, चोख ठेवतो. तो जेथे चुकतो, तेथे ती चूक बहुधा वाडवडिलांच्या वहीत लिहिलेली असते. ती वही उघडण्याचे काम तेवढे आपले आहे.